नववी-दहावीच्या मुलांना बल, प्रकाश, वीज खरंच कळलंय का, हे चाचणीत कसं पकडायचं?

खडूफळा_सातारा

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात एका खेड्यातल्या हायस्कूलला विज्ञान शिकवतो, नववी आणि दहावी, भाग एक माझ्याकडे. मराठी माध्यम, नववीला ४२ मुलं. एक गोष्ट दोन आठवडे डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे लिहितोय, जरा लांबेल.

नववीची ‘गतीचे नियम’वर २० मार्कांची घटक चाचणी घेतली. निकाल छान लागला, निम्म्याहून जास्त पोरं १५ च्या वर, तिघांना तर १९. तिन्ही नियम शब्दन् शब्द बरोबर, गणितं पायरीपायरीनं सोडवलेली. दुसऱ्या दिवशी ऑफ तासाला पोरं ग्राउंडवर होती, एकाच्या हातात टेनिसबॉल होता, तो मी घेतला, सरळ वर फेकला आणि सहज विचारलं की बॉल अगदी टोकाला असतो ना, त्या क्षणाला त्याच्यावर कुठलं बल असतं रे? एक म्हणाला काहीच नाही सर, तिथं तो थांबतो ना. दुसरा म्हणाला तुम्ही दिलेलं बल वर जाता जाता संपत जातं, टोकाला पूर्ण संपतं, मग गुरुत्वाकर्षण चालू होतं आणि त्याला खाली आणतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. १९ मार्कवाल्या मुलीनं पण.

आता हिचाच पेपर मी आदल्या रात्री तपासलेला. त्यात गणित होतं, २० मी/से वेगाने चेंडू वर फेकला तर किती उंच जाईल, त्वरण १० धरा. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत उणे १० धरलंय, उत्तर २० मीटर, एकदम बरोबर, पैकीच्या पैकी दिलेत मी. मग जर त्वरण संपूर्ण प्रवासात उणे १० आहे असं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय तर टोकाला बल कुठं गेलं? म्हणजे वहीतला चेंडू वेगळा आणि हातातला चेंडू वेगळा असं झालंय, आणि माझ्या चाचणीला ते दिसलंच नाही.

मग मी दहावीच्या वर्गात पण चाचपून बघितलं. बहिर्वक्र भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकला तर पडद्यावर काय दिसेल? अर्धी प्रतिमा, जवळजवळ सगळ्या वर्गानं एका सुरात. दोन सारखे बल्ब एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडले तर कुठला जास्त पेटेल? सेलच्या जवळचा, कारण त्याला करंट आधी मिळतो, उरलेला पुढच्याला. आणि ह्याच पोरांनी एकसर जोडणीत विद्युतधारा सर्वत्र समान असते ही रिकामी जागा बरोबर भरलेली आहे.

मला हे विचारायचंय की असा प्रश्न कसा काढायचा ज्यात हे बाहेर येईल. तास ३५ मिनिटांचा, प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि वर्षाचं वेळापत्रक तुम्हाला माहितीच आहे. कुणी असं करून बघितलं असेल तर सविस्तर सांगा.

माजी_विज्ञानबाई

सर, वाचून माझ्याच वर्गात उभी असल्यासारखं वाटलं. ३१ वर्षं शिकवलं, आता रिटायर होऊन कोल्हापूरकडे असते. बॉल टोकाला असताना बल नाही हे उत्तर मी दरवर्षी ऐकलंय, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं ते ऐकून मुलांवर चिडले पण आहे, त्याचं आजही वाईट वाटतं.

मला उपाय उशिरा सापडला. पेपर तपासताना लाल पेननं फुली मारायची आणि पुढं जायचं अशी आपली सवय असते. मी एक दोनशे पानी वही घातली आणि त्यात मुलांची चुकीची उत्तरं जशीच्या तशी त्यांच्याच शब्दात उतरवून ठेवायला लागले. दोन-तीन वर्षात लक्षात आलं की चुका शंभर प्रकारच्या नसतातच, एका प्रश्नाला तीन किंवा चार, आणि त्याच त्याच, दरवर्षीच्या नव्या मुलांकडून. मग मी त्या चुकांचेच पर्याय करायला लागले. आपण पर्यायी प्रश्न काढतो तेव्हा एक बरोबर उत्तर लिहितो आणि बाकीचे तीन काहीतरी भरायचं म्हणून भरतो, ५ न्यूटन, १० न्यूटन, १५ न्यूटन. त्यातून काही कळत नाही हो. पर्याय असा पाहिजे की ज्याचा गैरसमज आहे त्याला तोच बरोबर वाटला पाहिजे.

उदाहरण देते. एसटीनं जोरात ब्रेक मारला, उभा असलेला माणूस पुढे गेला, त्याला पुढे ढकलणारं बल कुणाचं? पर्याय, एसटीचं, ब्रेकचं, जडत्वाचं बल, कुणाचंही नाही. माझ्याकडे निम्म्याहून जास्त वर्ग ‘जडत्वाचं बल’ घ्यायचा. आणि यांनीच पहिल्या प्रश्नात जडत्वाची व्याख्या बरोबर लिहिलेली असायची. जडत्व हे बल नाही, माणूस ज्या वेगानं चालला होता त्याच वेगानं जात राहिला आणि पायाखालची गाडी थांबली, हे त्यांना त्या चुकीच्या पर्यायामुळेच समजावता आलं.

दुसरा प्रश्न बैलगाडीचा. बैल गाडीला जेवढ्या बलानं पुढे ओढतो तेवढ्याच बलानं गाडी बैलाला मागे ओढते, मग बैल आणि गाडी पुढे जातातच कशी? हा पर्यायी देऊ नका, मोकळा द्या, चार ओळीत लिहा म्हणा आणि चित्र काढून बाण दाखवा म्हणा. बाण फार महत्त्वाचे. कुठलं बल कुणावर आहे हे शब्दात लपवता येतं, बाणात येत नाही. ज्याला कळलंय तो बैलाच्या खुरापाशी बाण काढतो, बैल जमिनीला मागे रेटतो आणि जमीन बैलाला पुढे ढकलते असा. न कळलेला जू आणि गाडीच्या मधेच दोन बाण काढून अडकून बसतो.

आणि टेबलावरचं पुस्तक विसरू नका. पुस्तकाचं वजन खाली, टेबलाचा रेटा वर, ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे का? बहुतेक सगळे हो म्हणतात. पण ही दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत, जोडी कायम दोन वेगळ्या वस्तूंवर असते. पुस्तकाच्या वजनाची खरी जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं ते बल. हा प्रश्न शिक्षकांच्या प्रशिक्षणात विचारला होता तेव्हा आम्हा शिक्षकांच्यात पण अर्धा तास वाद झाला होता.

सुरुवात करताना आधी चाचणी काढूच नका. एक मोकळा प्रश्न, कोऱ्या कागदावर, नाव लिहायचं नाही असं सांगून पाच मिनिटात लिहून घ्या. रात्री वाचा. तुमचे पर्याय त्यात तयार असतील.

दहावीची_आई_नाशिक

मी शिक्षिका नाही, पण मुलगी यंदा दहावीला आहे म्हणून पालक म्हणून लिहिते, राग मानू नका. तिच्या शाळेत गेल्या वर्षी एका सरांनी असेच वेगळे प्रश्न काढले होते, पुस्तकात नसलेले. माझी मुलगी नेहमी ८५-९० च्या घरात असते, तिला त्या चाचणीत २० पैकी ८ पडले. दोन दिवस जेवली नाही नीट. मला विज्ञान जमतच नाही असं म्हणायला लागली आणि आजही फिजिक्सचं पुस्तक उघडताना तिचा चेहरा उतरतो. अकरावीला किंवा डिप्लोमाला ॲडमिशन बोर्डाच्या मार्कांवर आहे, तिथे कुणी विचारणार नाही की बाळा तुला बॉल कळला का. तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतंय मला, पण मुलं आधीच दबलेली आहेत, क्लास, शाळा, सराव पेपर, त्यात अजून एक चाचणी जी त्यांना तुम्ही चुकीचे आहात एवढंच सांगते, ती नको वाटते मला.

खडूफळा_सातारा

ताई, राग कसला, उलट बरं झालं लिहिलंत. तुमच्या मुलीबद्दल वाचून वाईट वाटलं. माझ्या मनात पण हीच भीती आहे, २० पैकी ८ असा आकडा प्रगतिपुस्तकात गेला की पोरगं त्या आकड्यालाच धरून बसतं. त्यामुळे ह्या चाचणीचे मार्क कुठेच धरायचे नाहीत असं ठरवतोय. बाई, वहीची कल्पना फार आवडली, आजच घालतो.

आयटीआय_इलेक्ट्रिशियन

सर मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवतो, आमच्याकडे दहावी पास झालेलीच पोरं येतात त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाला एक सेल, एक टॉर्चचा जुना बल्ब आणि एकच वायर देतो आणि पेटवून दाखव म्हणतो. ओहमचा नियम, व्ही बरोबर आय आर, सगळ्यांना पाठ, पण पुष्कळ जण वायर सेलच्या वरच्या टोकाला लावतात आणि बल्बच्या बुडाला आणि बघत बसतात. परतीचा रस्ताच नाही. परिपथ ‘बंद’ असला पाहिजे हे वाक्य लिहिलेलं असतं, पण बल्बला दोन टोकं कुठं असतात, बूड आणि बाजूची चुडी, हे कुणी बघितलेलंच नसतं. हा तुमच्या चाचणीचा पहिला प्रश्न करा, चार चित्रं काढा, कुठल्या चित्रात बल्ब पेटेल, फुकटातला प्रश्न आहे आणि फार काही सांगून जातो.

दुसरा माझा आवडता. तीन सारखे बल्ब, अ हा एकसर, त्याच्या पुढे ब आणि क एकमेकांना समांतर. आता क काढून घेतला. अ चं काय होईल, ब चं काय होईल? पोरं म्हणतात अ ला काही फरक नाही कारण तो आधी येतो, आणि ब ला क चा वाटा मिळून दुप्पट धारा मिळेल. गणित करून बघा, सेल ३ व्होल्ट, प्रत्येक बल्ब १० ओहम धरा. आधी एकूण रोध १५ ओहम, धारा ०.२ अँपिअर, अ मधून ०.२ आणि ब, क मधून ०.१ प्रत्येकी. क काढल्यावर एकूण २० ओहम, धारा ०.१५. म्हणजे अ मंदावला आणि ब तेज झाला, पण त्याची धारा दुप्पट नाही, दीडपट झाली. (खऱ्या बल्बचा रोध तापल्यावर बदलतो म्हणून आकडे अगदी तसेच येणार नाहीत, पण अ मंद आणि ब तेज हे डोळ्यांनी दिसतं.) यात महत्त्वाचं हे की गणित नंतर द्यायचं, आधी फक्त ‘काय होईल’ हे लिहून घ्यायचं. गणित आधी दिलं की पोरगं विचार सोडून सूत्र शोधायला लागतं.

अजून एक, ६० वॅट आणि १०० वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब एकसर जोडून २३० व्होल्टला लावले तर जास्त उजेड कुणाचा? सगळे १०० म्हणतात. ६० वाल्याचा रोध साधारण ८८० ओहम आणि १०० वाल्याचा ५३० च्या आसपास, धारा दोघांत सारखी, म्हणून ६० वाला जास्त पेटतो. हा कागदावरच विचारा सर, मेन लाईनवर वर्गात हात घालू नका, मी हात जोडून सांगतो. वर्गात फक्त सेल. आणि एलईडी बल्ब घेऊन हे प्रयोग करू नका, त्याच्या आत ड्रायव्हर सर्किट असतं, तो ह्या हिशोबानं वागत नाही आणि पोरांचा अजून गोंधळ होईल. अडीच व्होल्टचे छोटे काचेचे बल्ब लागतात, ते आता सगळीकडे मिळत नाहीत.

आणि वीजबिल! प्रत्येकाच्या घरी येतं. १५०० वॅटचा गीझर २० मिनिटं चालवला, किती युनिट? अर्धं. त्याच अर्ध्या युनिटवर ९ वॅटचा बल्ब किती वेळ चालेल? जवळजवळ ५५ तास. मुलं लाईट बंद करा म्हणून घरात ओरडा खातात आणि गीझर चालू राहतो, हे त्या एका गणितातून त्यांना कायमचं कळतं. असा प्रश्न बोर्डाच्या चौकटीत पण बसतो, त्या नाशिकच्या ताईंना पण चालेल असं वाटतं.

अपवर्तनांक

मी पुण्यात एमएस्सी फिजिक्स करतोय, शाळा मराठी माध्यमाचीच. प्रकाशाबद्दल लिहितो कारण अर्ध्या भिंगाचा प्रश्न मला स्वतःला कॉलेजला येईपर्यंत चुकला होता.

अर्धी प्रतिमा का वाटते याचं कारण किरणाकृतीत आहे. आपण दहावीत वस्तूच्या टोकापासून दोन किरण काढतो, एक मुख्य अक्षाला समांतर जाऊन नाभीतून जाणारा, दुसरा प्रकाशीय मध्यातून सरळ जाणारा. ते छेदतात तिथे प्रतिमा. वर्षभर हेच काढून मुलांना वाटायला लागतं की प्रकाशाचे दोनच किरण असतात. खरं तर टोकापासून निघालेला प्रकाश सगळ्या भिंगावर पडतो आणि सगळा त्याच बिंदूत जमतो, ते दोन आपण फक्त काढायला सोपे म्हणून निवडतो. म्हणून वरचा भाग झाकला तरी खालच्या भागातून आलेला प्रकाश पूर्ण प्रतिमा देतोच, फक्त ती फिकी होते.

तर प्रश्न असा काढा. मुलांना पूर्ण किरणाकृती काढून द्या आणि विचारा, हे दोन्ही किरण जिथे भिंगावर पडतात तेवढ्याच जागेवर काळी चिकटपट्टी लावली, आता प्रतिमा येईल का? किंवा वस्तू भिंगापेक्षा उंच आहे, समांतर किरण भिंगाच्या वरून निघून जातोय, प्रतिमा येईल का? दोन्हीला उत्तर येईल. ज्याला किरणाकृती म्हणजे चित्रकला वाटते तो इथे लगेच अडकतो.

हे करून दाखवायला प्रयोगशाळा नको सर. वर्गात एक खिडकी उघडी ठेवा, बाकीच्या बंद, समोरच्या भिंतीजवळ भिंग धरा, खिडकीची आणि बाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा भिंतीवर पडते. मग आधी सगळ्यांकडून लिहून घ्या आणि नंतर पोस्टकार्डनं अर्धं भिंग झाका. मी हे माझ्या धाकट्या भावाच्या वर्गात करून दाखवलं तेव्हा झाड पूर्णच राहिलं हे बघून पोरं बाकावर उभी राहिली होती.

गणितात पण एक ओळ वाढवा. नाभीय अंतर १० सेमी, वस्तू १५ सेमीवर, प्रतिमा ३० सेमीवर, हे मुलं सोडवतात. त्याखाली विचारा, हा ३० कुठला, भिंगाच्या कुठल्या बाजूला, तिथे पडदा नसेल तर प्रतिमा असते का नसते, आणि ती बघायला तू कुठे उभा राहशील? चिन्हसंकेत पाठ असणारा आणि समजलेला इथे वेगळे होतात. पडदा काढला तरी प्रतिमा तिथेच असते, तिच्या पलीकडे थोडं मागे उभं राहून भिंगाकडे बघितलं की हवेतच दिसते.

आणि विहिरीचा प्रश्न नक्की घ्या. पाणी १.२ मीटर खोल आहे, वरून बघणाऱ्याला तळ किती खोल वाटेल? पाण्याचा अपवर्तनांक १.३३, म्हणजे १.२ भागिले १.३३, साधारण ९० सेमी. कमरेएवढंच आहे असं वाटून उतरलेला मुलगा छातीएवढ्या पाण्यात जातो. नदीकाठच्या गावात हे फक्त मार्कांपुरतं नाही.

बाईंनी जे अनुभवातून शोधलं तेच अमेरिकेत डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बलाच्या संकल्पनेवरच्या चाचणीत केलं, तीसेक पर्यायी प्रश्न, आकडेमोड अजिबात नाही, आणि चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्याच समजुतींमधून घेतलेले. हार्वर्डचे एरिक मझूर यांनी ती आपल्या विद्यार्थ्यांना दिली तेव्हा एकीनं विचारलं की उत्तर तुम्ही शिकवलंय तसं लिहू का मी नेहमी विचार करते तसं लिहू. सर, तुमच्या वहीतला चेंडू आणि हातातला चेंडू तो हाच.

पेपरसेटर_विदर्भ

वरचं सगळं वाचलं, फक्त मार्कांबद्दल लिहितो कारण तिथेच हे प्रकार फसतात. मी प्रत्येक प्रश्नाला दोन भाग ठेवतो, काय होईल आणि का. नुसतं ‘काय’ बरोबर आणि ‘का’ चूक असेल तर अंदाजानं मारलंय, त्याला मी अर्धे मार्क देत नाही, शून्यही देत नाही, शेरा लिहून परत देतो आणि दुसऱ्या दिवशी सुधारून आणला की पूर्ण देतो. तिसरी छोटी चौकट, खात्री आहे की नाही, नुसती टिक. चुकीचं उत्तर आणि पक्की खात्री, ही पोरं आधी गाठायची. चूक आहे आणि खात्री नाही तो अजून शोधतोय, त्याला नुसतं एक उदाहरण दिलं तरी पुरतं. नाशिकच्या ताईंच्या मुलीचं जे झालं ते प्रश्नांमुळे कमी आणि ८ आकडा लिहून विषय तिथेच सोडल्यामुळे जास्त झालं असं मला वाटतं.

आणि ताई, बोर्डाचंच बघा, भाग एकचा पेपर ४० मार्कांचा, त्यात शास्त्रीय कारणं ४ मार्कांची, वर तीन-तीन मार्कांचे पाच प्रश्न, त्यात आकृती देऊन विचारलेले पण असतात. पाठ केलेली मुलं आकृती जरा फिरवून आली की गांगरतात. ज्याला अ, ब, क बल्बचं कळलं त्याला कुठलीही आकृती द्या. शेवटी उत्तरपत्रिकेत त्याचे मार्क मिळतातच.

दहावीची_आई_नाशिक

सुधारून आणला की पूर्ण मार्क, हे आवडलं मला. तसं झालं असतं तर ती दोन दिवस रडली नसती. काल रात्री गीझरचं गणित तिला विचारलं, तिनं सोडवलं आणि मग स्वतःच आमचं बिल काढून बसली, फ्रिज किती खातो, मिक्सर किती खातो. खूप दिवसांनी तिला असं बघितलं. विहिरीचा प्रश्न पण विचारणार आहे.

खडूफळा_सातारा

मंडळी, सांगितल्याप्रमाणे करून बघितलं, कसं झालं ते लिहितो.

नववीला सात प्रश्न दिले, बॉल, एसटी, पुस्तक, बैलगाडी, एक सेल एक वायरवाली चित्रं, अ ब क बल्ब, आणि प्रकाशाचं परावर्तन झालंय म्हणून आरशाचा एक, स्वतःला डोक्यापासून पायापर्यंत बघायला आरसा किमान किती उंच लागतो आणि मागे सरकलं तर कमी पुरेल का. (आपल्या उंचीच्या निम्मा, आणि मागे सरकून काही फरक पडत नाही. घरी जाऊन करून बघा म्हटलं, सकाळी अर्धा वर्ग कागदानं आरसा झाकून बघून आला होता.) काय होईल, का, आणि खात्रीची चौकट. मार्क कुठेही धरणार नाही हे आधीच सांगितलं तर पहिली पाच मिनिटं कुणी काही लिहीनाच, सर मग कशाला लिहायचं म्हणे. मी म्हटलं मला वाचायचंय म्हणून लिहा. मग लिहायला लागले, आणि ३५ मिनिटं पुरली नाहीत, पुढचा मराठीचा तास मॅडमनी दिला म्हणून पूर्ण झालं.

बॉलच्या प्रश्नाला ४२ पैकी ३४ जणांनी टोकाला बल नाही लिहिलं आणि त्यातल्या बहुतेकांनी खात्री आहे वर टिक केलेली. पुस्तकाचा एकालाही आला नाही. पण मला सांगायचंय बैलगाडीबद्दल. वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा बसतो, घटक चाचणीत त्याला २० पैकी ६ होते. तीन नियमांपैकी एकही त्याला धड लिहिता येत नाही. त्यानं चित्र काढलं आणि बाण खुरापाशी काढला, एकट्यानं सगळ्या वर्गात. खाली लिहिलं होतं, बैल जमिनीला मागं रेटतो म्हणून पुढं जातो, चिखलात खूर घसरले की कितीबी ओढलं तरी गाडी हलत नाही, मी बघितलंय. खात्री, आहे.

मी ते वर्गात मोठ्यानं वाचलं आणि त्यालाच फळ्याजवळ बोलावलं, त्यानं चिखलातली गाडी काढून दाखवली. १९ मार्कवाल्या मुलीनं त्याला विचारलं की मग गाडी बैलाला मागे ओढते ते कुठं गेलं, तो म्हणाला ते आहेच की, म्हणून तर बैल दमतो. मग ती विचारात पडली आणि तिनंच सांगितलं की म्हणजे जमिनीचा धक्का त्याच्यापेक्षा जास्त पाहिजे. मी मधे काहीच बोललो नाही. दोघांनी मिळून तिसरा नियम वर्गाला शिकवला. बाई, तुमचे मनापासून आभार.

त्याला आता तिन्ही नियम लिहायला पण मी बसवणार आहे, रोज पाच मिनिटं, कारण बोर्डात बैल विचारला नाही तर त्याचे मार्क जायला नकोत. आणि पुस्तकाच्या प्रश्नासाठी मला स्वतःला अजून दोन वेगळी उदाहरणं पाहिजेत, कुणाकडे असतील तर द्या.

आयटीआयवाले सर, ते अडीच व्होल्टचे काचेचे बल्ब आमच्या तालुक्याच्या गावात मिळाले नाहीत, तीन दुकानं फिरलो, सगळीकडे एलईडीच. तुम्ही कुठून आणता?

आयटीआय_इलेक्ट्रिशियन

सर माझ्याकडे जुना स्टॉक आहे, होल्डरसकट वीस-पंचवीस निघतील. मेसेजमध्ये शाळेचा पत्ता टाका, सोमवारी पार्सल करतो. सेल मात्र नवीन घ्या, जुन्या सेलवर अ आणि ब मधला फरक नीट दिसत नाही.

माजी_विज्ञानबाई

सर, पुस्तकासाठी हे घ्या. माणूस लिफ्टमध्ये उभा आहे, लिफ्ट वर जायला सुरुवात करते, तेव्हा पायाखालून लागणारा रेटा त्याच्या वजनापेक्षा जास्त होतो. ही दोन बलं क्रिया-प्रतिक्रियेची जोडी असती तर कधीच कमी-जास्त झाली नसती. खेड्यातल्या मुलांनी लिफ्ट बघितली नसेल तर पाळणा घ्या, जत्रेतला, तो खालून वर निघतो तेव्हा बुडाखाली जो दाब वाटतो तो सगळ्यांना आठवतो. आणि त्या मुलाचं चित्र वहीत चिकटवून ठेवा.